छत्रीचं कापड बदलायचं, की नवी छत्रीच घ्यायची?



मे महिना संपत आला की आमच्या चौकात एक छत्रीवाले काका पथारी टाकून बसतात. मागच्या वर्षी मी आजीची जुनी लांब दांड्याची छत्री घेऊन गेले होते. कापड पार विरलेलं. मी विचारलं, "काका, दुरुस्त होईल की नवीच घेऊ?" त्यांनी कापडाकडे बघितलंसुद्धा नाही. छत्री उघडली, काड्या एकेक करून वाकवून पाहिल्या आणि म्हणाले, "काड्या चांगल्या आहेत. पण ताई, वापरणार किती वर्षं ते सांगा."

आज ज्या विषयावर लिहायचं आहे, तो या दोन वाक्यांत जवळजवळ पूर्ण आला. फरक इतकाच, की आजची छत्री सहा एकरांची आहे. ती अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात आहे आणि तिच्याखाली बेसबॉल खेळतात.

नव्या वाचकांसाठी सांगते, माझी पीएच.डी. पॉलिमरच्या म्हातारपणावर आहे. म्हणजे ऊन, पाणी आणि ताण यांनी प्लॅस्टिकसारखे पदार्थ वर्षानुवर्षं कसे थकत जातात, ते मोजायचं. त्यामुळे 2024च्या ऑक्टोबरमध्ये एका स्टेडियमचं कापडी छप्पर वादळात फाटल्याचे फोटो आले, तेव्हा आमच्या लॅबमध्ये दोन दिवस दुसरी चर्चाच नव्हती. आम्ही सगळे कापडाबद्दल बोलत होतो. खरा प्रश्न कापडाचा नव्हताच, हे मला बऱ्याच वाचनानंतर कळलं.

नेमकं झालं काय?

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर टॅम्पा बे नावाची मोठी खाडी आहे. तिच्या एका बाजूला टॅम्पा शहर, दुसऱ्या बाजूला सेंट पीटर्सबर्ग. या सेंट पीटर्सबर्गने 1980च्या दशकात ठरवलं, की आधी स्टेडियम बांधायचं, मग एखादा मोठा बेसबॉल संघ येईलच. 1990 साली घुमट बांधून तयार झाला, पण संघ काही येईना. शेवटी 1998 मध्ये टॅम्पा बे डेव्हिल रेज हा नवा संघ तिथे खेळायला लागला. आज त्याचं नाव नुसतं 'रेज' आहे आणि मैदानाचं नाव ट्रॉपिकाना फील्ड.

घुमट कशाला, तर फ्लोरिडाचा उन्हाळा. दुपारी अंगाची काहिली आणि संध्याकाळी गडगडाटासह पाऊस. बेसबॉलचा संघ एका हंगामात घरच्या मैदानावर 81 सामने खेळतो. पावसाने इतके सामने पुढे ढकलत बसणं परवडत नाही.

9 ऑक्टोबर 2024च्या रात्री मिल्टन हे चक्रीवादळ या भागावर आदळलं. सेंट पीटर्सबर्गच्या विमानतळावर ताशी 101 मैलांचा, म्हणजे सुमारे 163 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. छपराच्या 24 पट्ट्यांपैकी 18 निकामी झाले. वादळानंतरच्या मदतकार्यातल्या लोकांना राहता यावं म्हणून मैदानावर खाटा मांडल्या होत्या. त्या लोकांना आधीच हलवलं होतं, त्यामुळे मोठा अनर्थ टळला.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोंत मात्र एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरत होती. कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या, पण वरचं तारांचं जाळं जागच्या जागी होतं. म्हणजे काड्या शाबूत!

काड्या शाबूत कशा राहिल्या?

कापडी घुमटांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला हवेवर तरंगणारा. आत पंख्यांनी हवा भरत राहायची, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, की छप्पर फुग्यासारखं वर राहतं. टोकियो डोम असाच आहे. मिनियापोलिसचं मेट्रोडोमही असंच होतं. 12 डिसेंबर 2010 रोजी बर्फाच्या ओझ्याने त्याचं कापड फाटलं आणि अख्खं छप्पर खाली बसलं. इथे कापड हाच आधार असतो. ते गेलं की सगळं गेलं.

दुसरा प्रकार केबल-घुमटाचा. डेव्हिड गायगर या अभियंत्याने 1988च्या सोल ऑलिंपिकच्या दोन सभागृहांसाठी तो प्रत्यक्षात आणला आणि ट्रॉपिकानाचं छप्पर त्याच पद्धतीचं आहे. सायकलचं चाक डोळ्यांसमोर आणा. बाहेरची रिम दाबली जात असते, आतले स्पोक ताणलेले असतात आणि या दोघांच्या ओढाताणीत चाक ताठ राहतं. इथे रिमच्या जागी घुमटाच्या कडेचं मोठं कडं, स्पोकच्या जागी पोलादी केबल आणि मधेमधे केबलच्याच आधाराने उभे राहिलेले छोटे खांब. हे सगळं आधीच ताणून पक्कं केलेलं असतं. कापड नंतर वरून बसवतात. म्हणून कापड फाटलं तरी सांगाडा उभा राहतो.

आणखी एक गंमत सांगते. हे छप्पर सरळ नाही, साडेसहा अंशांनी तिरकं आहे. त्यामुळे आतली जागा कमी होते, म्हणजे थंड करायची हवा कमी, म्हणजे विजेचं बिल कमी. तोटा असा, की उंच उडालेला चेंडू कधीकधी छताखालच्या लोखंडी मार्गिकांना लागतो आणि त्यासाठी या मैदानाचे वेगळे नियम करावे लागले.

आता माझ्या आवडीचा भाग, कापड

हे कापड म्हणजे काचेच्या धाग्यांचं विणकाम आणि त्यावर टेफ्लॉनचा लेप. टेफ्लॉन म्हणजे तेच, जे तुमच्या नॉनस्टिक तव्यावर असतं. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध इतका मजबूत असतो, की उन्हातले अतिनील किरण त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत. पावसाळ्यात घरावर टाकलेली निळी ताडपत्री एक-दोन उन्हाळ्यांत कुरकुरीत होऊन तिचे तुकडे पडतात. टेफ्लॉनचं तसं होत नाही.

मग म्हातारं काय होतं? आतली काच. काच ताणाला जबरदस्त असते, पण तिला दोन गोष्टी सोसत नाहीत, घडी आणि पाणी. वाऱ्यात कापड सतत फडफडलं, की लेपाला बारीक भेगा पडतात. भेगांतून ओल धाग्यांपर्यंत पोचते. ताणाखालच्या काचेत पाणी शिरलं, की तिच्यातल्या सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांवर हल्ला होतो आणि केसाएवढी चीर हळूहळू वाढत जाते. वरून कापड पांढरंशुभ्र दिसतं, आतून त्याची ताकद उतरत असते. म्हणून नुसतं बघून वय कळत नाही. नमुना कापून, ताणून, तोडून बघावा लागतो. (आमचं अर्धं आयुष्य यातच जातं!)

या प्रकारच्या कापडाचं आयुष्य साधारण 25 ते 30 वर्षं धरतात. मिल्टन आलं तेव्हा ट्रॉपिकानाचं कापड 34 वर्षांचं होतं.

आता थोडं गणित करू. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 101 मैल म्हणजे सेकंदाला 45 मीटर. हवेची घनता 1.2 धरली, तर 1.2 × 45 × 45 ÷ 2, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 1,215 न्यूटन. किलोच्या भाषेत साधारण 124 किलो. घुमटावरून वारा वेगाने जातो तेव्हा हा जोर बराचसा वरच्या दिशेने, ओढून काढल्यासारखा लागतो. प्रत्येक चौरस मीटरला दीड-दोन माणसं लटकून कापड वर खेचताहेत असं समजा. कडेला आणि कोपऱ्यांत याहून जास्त.

हे छप्पर ताशी 115 मैलांपर्यंत टिकेल असं सांगितलं जायचं. 101चा वर्ग भागिले 115चा वर्ग केला, तर उत्तर येतं 0.77. म्हणजे विमानतळावरचा आकडा धरला, तर नव्या कापडाला झेपायला हवा त्याच्या जवळपास तीन-चतुर्थांशच भार आला होता. छपरावर एखादा झोत याहून मोठा बसलाही असेल. पण 34 वर्षांच्या काचेकडून पहिल्या दिवसाच्या ताकदीची अपेक्षा करणं, हेच मुळात चुकीचं गृहीतक होतं.

मग कापड बदला की! अडचण कुठे आहे?

शहराने तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. निष्कर्ष असा, की मूळ सांगाडा ठीक आहे, दुरुस्ती शक्य आहे आणि खर्च सुमारे 5.57 कोटी डॉलर. विज्ञानाचं उत्तर मिळालं. काकांचा दुसरा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, वापरणार किती वर्षं?

वादळाच्या जेमतेम तीन महिने आधी, 2024च्या जुलैमध्ये, याच शहराने आणि पिनेलस काउंटीने शेजारीच नवं स्टेडियम बांधायला मंजुरी दिली होती. खर्च 130 कोटी डॉलर. त्यातले 60 कोटी लोकांच्या पैशातून, उरलेले आणि वाढीव खर्च संघाने सोसायचा. नवं 2028 साली उघडणार आणि जुनं पाडणार. म्हणजे दुरुस्त केलेलं छप्पर दोन-तीन हंगामांत कचऱ्यात!

करार मात्र सांगत होता, की शहराने इमारत खेळण्याजोगी ठेवायची आणि संघाने तिथे खेळायचं. 2024च्या नोव्हेंबरमध्ये शहराच्या कौन्सिलने दुरुस्तीचे पैसे मंजूर केले आणि त्याच दिवशी, काही तासांत, तो निर्णय फिरवला. हे वाचून हसू येतं, पण मला त्या सदस्यांची कीवही आली. वादळात शेकडो लोकांची घरं गेलेली असताना, पाडायच्या इमारतीवर कोट्यवधी डॉलर घालण्यासाठी हात वर कोण करणार?

विम्याची गोष्ट तर आणखी कठीण. प्रीमियम वाचवण्यासाठी शहराने त्याच वर्षी या इमारतीचा विमा 10 कोटी डॉलरवरून अडीच कोटींवर आणला होता. त्यातही पहिले 2.2 कोटी शहरानेच सोसायचे.

हा घोळ चालू असताना इमारत उघडीच होती. जी वास्तू 'वर छप्पर आहे' असं धरून बांधली जाते, तिच्या आतल्या भिंती, वायरिंग, लिफ्ट यांना पावसाची सवय नसते. एक पावसाळा आत आला, की कापडाचा खर्च राहतो बाजूला आणि बाकीच्या दुरुस्तीचं बिल फुगत जातं. निर्णय न घेणं हासुद्धा एक निर्णय असतो आणि त्यालाही पैसे पडतात.

शेवटी 2025च्या मार्चमध्ये संघानेच नव्या स्टेडियमच्या करारातून अंग काढून घेतलं. उशिरामुळे खर्च वाढला, हे त्यांचं कारण. तो हंगाम ते खाडीपलीकडे टॅम्पात, न्यूयॉर्क यांकीज संघाच्या सरावाच्या मैदानावर, उघड्या आकाशाखाली खेळले. शहराने दुरुस्ती हाती घेतली. 2025च्या ऑगस्टमध्ये नव्या कापडाचा पहिला पट्टा चढला, नोव्हेंबरमध्ये शेवटचा. संघ 2028पर्यंत बांधील आहे. दरम्यान संघ विकला गेला आणि नव्या मालकांची नजर टॅम्पाच्या बाजूच्या जागेकडे वळली.

एक साधा भागाकार

'दुरुस्ती 5.57 कोटी, नवं 130 कोटी' अशी तुलना सगळीकडे दिसते. ती फसवी आहे. भागायला हवं ते वापराच्या वर्षांनी.

दुरुस्ती: 5.57 कोटी भागिले तीन हंगाम (2026, 2027, 2028). वर्षाला सुमारे 1.86 कोटी डॉलर.

नवं: लोकांचे 60 कोटी भागिले करारातली 30 वर्षं. वर्षाला 2 कोटी डॉलर.

व्याज, देखभाल, आजूबाजूचे रस्ते-गटारं, विम्यातून परत आलेले पैसे हे काहीच मी यात धरलेलं नाही. तरी मुद्दा कळतो. स्वस्त वाटणारी दुरुस्ती वर्षाच्या हिशेबात जवळपास नव्याइतकीच पडते, जर ती तीनच वर्षं वापरली तर. हेच छप्पर 15 वर्षं वापरलं, तर आकडा 37 लाखांवर येतो. छप्पर तेच, कापड तेच. बदललं काय? फक्त भाडेकरू किती वर्षं राहणार, ते.

बाकीच्यांनी काय केलं?

सिएटलचं किंगडोम काँक्रीटचं होतं. 1994च्या जुलैमध्ये सामन्याआधी छताच्या आतल्या जड फरश्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पडल्या. प्रेक्षक अजून आत आले नव्हते. दुरुस्तीवर सुमारे 5 कोटी डॉलर गेले आणि त्या कामात क्रेनच्या अपघातात दोन कामगार दगावले. पुढे सहाच वर्षांत, 26 मार्च 2000 रोजी, स्फोटकं लावून तो घुमट पाडला. त्याचं कर्ज मात्र लोक 2015पर्यंत फेडत होते. दुरुस्तीही केली आणि नवंही बांधलं, असे दोन्हीकडचे पैसे तिथे गेले.

टोरंटोचं रॉजर्स सेंटर 1989 सालचं, सरकतं छप्पर असलेलं. तिथे दुरुस्तीचा मार्ग घेतला, 2022 ते 2024 या दोन हिवाळ्यांत काम केलं. पण तिथे संघ आणि इमारत यांचा मालक एकच आहे. स्वतःच्या घराला रंग देताना आपण 'भाडेकरू निघून गेला तर?' असा विचार करत नाही.

माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममधून बेसबॉल संघ 2004 सालीच निघून गेला. तरी 2024च्या फेब्रुवारीत क्युबेक सरकारने नव्या छपरासाठी 87 कोटी कॅनडियन डॉलर जाहीर केले. कारण? पाडणं त्याहून महाग पडेल असा सरकारचा अंदाज.

ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम हे 1965 सालचं, या सगळ्यांचं आजोबा. संघ 1999 नंतर गेला. 2013 मध्ये नूतनीकरणाचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. 2014 मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा यादीत जागा मिळाली. दुरुस्तही होत नाही आणि पाडताही येत नाही.

यातल्या एकाही ठिकाणी शेवटचा शब्द इमारतीच्या वयाचा नव्हता. आपल्याकडेही वेगळं नाही. मुंबईत 1937 सालचं ब्रेबॉर्न धडधाकट उभं असताना, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम बांधलं गेलं. भांडण होतं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यातलं, सामन्याच्या तिकिटांच्या वाट्यावरून! तेच वानखेडे 2011च्या विश्वचषकासाठी पाडलं नाही, तर नव्याने सजवलं आणि त्याच्यावर चढलं तेही टेफ्लॉनचा लेप असलेलं कापडी छप्परच. पुढच्या वेळी सामना बघताना वर नजर टाका.

आणि ज्यांची घरं होती, ते?

हे लिहिल्याशिवाय लेख संपवणं मला बरोबर वाटत नाही. ट्रॉपिकाना आणि त्याच्या भोवतीचं पार्किंग मिळून 86 एकर जागा आहे. तिथे आधी गॅस प्लांट नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. घरं, चर्च, दुकानं सगळं. ती उठवताना उद्योग येतील, नोकऱ्या मिळतील असं सांगितलं होतं. आलं ते स्टेडियम. 2024च्या करारात नव्या मैदानाबरोबर त्या जागेवर परवडणारी घरं आणि जुन्या रहिवाशांच्या वारसांसाठी काही करण्याचं वचन होतं. करार मोडला आणि तेही लांबणीवर पडलं.

मी आधी केलेल्या भागाकारात या लोकांचा रकाना कुठेच नाही. 'दुरुस्ती की नवं' असं विचारलं, की 86 एकर जमीन स्टेडियमच्याच नावावर राहणार हे आपण न बोलता मान्य केलेलं असतं.

मग माझं मत काय?

गाइडना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू कौन्सिलवर असतीस तर?" मी म्हटलं, कापड बदललं असतं. करार होता, सांगाडा चांगला होता आणि उघडी इमारत दर पावसात सडत होती. पण ते मंजूर करतानाच दोन गोष्टी लिहून घेतल्या असत्या. एक, कापडाची दर काही वर्षांनी नमुने कापून चाचणी आणि त्याचा अहवाल लोकांसमोर. 34 वर्षांचं कापड वादळानेच तपासावं, ही वेळ पुन्हा यायला नको. दोन, 2028 नंतर संघ राहो न राहो, त्या जमिनीचं काय होणार, याची तारीख.

तुमच्या गावात एखादा जुना पूल, नाट्यगृह किंवा एसटी स्टँड 'पाडायचं की दुरुस्त करायचं' अशी चर्चा सुरू झाली, तर अहवालातला खर्चाचा आकडा बघून थांबू नका. काड्यांची तपासणी कोणी केली, वापर किती वर्षं होणार आणि ते कोण लिहून देतंय, एवढं तरी विचारा.

आजीच्या छत्रीचं म्हणाल, तर मी काकांना सांगितलं, "निदान दहा पावसाळे." त्यांनी कापड बदलून दिलं. दोन झाले, आठ बाकी आहेत.